टॉवेलांच्या कपाटातलं लाकूड

हेस्टरने ओंडका उभा धरला, कान लाकडाजवळ नेला आणि बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत टकटक करत आली. मग तो उलटा केला आणि पुन्हा तेच. समोरच्या स्टुलावर तिचे वडील, ऑब्री प्रीस, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. डॉक्टर पोट दाबून बघत असताना माणूस डॉक्टरच्या तोंडाकडे बघतो, तसे ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

“वाजतंय की नाही?”

“वाजतंय.”

“घंटेसारखं वाजतंय,” ऑब्री म्हणाले.

नेमकं तेच वाईट होतं. यू या सदाहरित झाडाचं लाकूड घंटेसारखं वाजायला लागलं की समजावं, आत ओलाव्याचा थेंब उरलेला नाही. हेस्टर तीस वर्षं धनुष्यं करत होती. असं लाकूड वाकवायला जावं तर ते वाकत नाही, मोडतं, आणि सांगून मोडत नाही. तिच्या डाव्या भुवईवर अशाच एका लाकडाची खूण होती.

“बाबा, इतकी वर्षं हे ठेवलं कुठे होतं तुम्ही?”

“कुठे म्हणजे? कपाटात. टॉवेलांच्या.”

हेस्टरने डोळे मिटले. टॉवेलांचं कपाट म्हणजे गरम पाण्याच्या टाकीला लागून असलेलं, लिटल डिलवर्थ गावात घरोघरी असतं तसं. त्यात सकाळी ओली चादर टाकली तर दुपारी कडक वाळून निघते. त्या कपाटात, टाकीच्या अंगाला टेकवून, हा ओंडका एकतीस वर्षं उभा होता.

“तुझी आई शेवटपर्यंत बोलत राहिली त्यावरून,” ऑब्री म्हणाले. “म्हणायची, लोकांच्या टॉवेलांना साबणाचा वास येतो, आपल्या टॉवेलांना चर्चच्या आवाराचा. पण मी हलवलं नाही. मुरू दे म्हटलं.”

हेस्टर श्रॉपशरला एका म्हाताऱ्या कारागिराकडे धनुष्य करायला शिकायला गेली, त्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं होतं. चर्चच्या आवारातल्या जुन्या यूची एक फांदी कडाडून खाली आली. ऑब्रींनी तेव्हाच्या पाद्रींना सफरचंदाच्या सायडरचे दोन बुधले देऊन तिचा सहा फुटांचा सरळ तुकडा मिळवला, मधून चिरून घेतला आणि घरी आणला. मुलगी शिकून परत आली की तिला द्यायचा, असा बेत होता. ती परत आली तेव्हा त्यांना वाटलं, दोनच वर्षं झालीत, अजून मुरू दे. पाच वर्षांनी वाटलं, दहा होऊ देत. लोणचं जितकं मुरेल तितकं चांगलं, तसंच लाकडाचं, असा त्यांचा हिशेब होता.

थंड, हवेशीर शेडमध्ये दोन-तीन वर्षं पुरतात, त्यापुढे लाकूड चांगलं होत जातं हा नुसता समज आहे, हे हेस्टर दर गिऱ्हाइकाला सांगे. आता ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ओंडका मांडीवर आडवा घेतला आणि त्याच्या सालीवरून हात फिरवत राहिली.

“मग?” ऑब्रींनी विचारलं. “या व्हिट रविवारी पहिला बाण माझा आहे. ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. व्हिट रविवारी, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी, प्रार्थना आटोपली की चर्चमागच्या कुरणात गवताचं लक्ष्य मांडतात आणि घरटी एक बाण मारतात. पहिला बाण गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाचा, मात्र त्याला धनुष्य ओढता आलं पाहिजे. नव्वदीतले स्कर्मबुवा जानेवारीत गेले. त्यांच्यानंतर ऑब्रींचा नंबर होता, वय एक्याऐंशी.

“तो बाण मी याच झाडाच्या धनुष्याने मारणार,” ऑब्री म्हणाले. “म्हणजे त्या ऑक्सफर्डवाल्याची वाचा बसेल.”

हेस्टरने ओंडका खाली ठेवला आणि उगाच एक कानस पुसायला घेतली.

ऑब्रींनी चाळीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाल्यावर गेली एकोणीस वर्षं ते दर रविवारी दुपारी त्या यूखाली उभे राहत आणि आल्यागेल्यांना गोष्ट सांगत. या झाडाच्या फांद्यांची धनुष्यं आपल्या पोरांनी सहाशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या लढाईत नेली. चर्चच्या ओसरीच्या दगडी खांबावर या खाचा दिसतात ना, तिथे ते बाणांना धार लावत. पावसात धनुष्याची दोरी टोपीखाली लपवत. आणि एकेकाचा बाण लोखंडी चिलखतातून असा जाई, लोण्यात सुरी जावी तसा. गोष्ट संपली की माणसं झाडाला हात लावत, आणि ऑब्री बाजूला उभे राहून त्यांच्याकडे बघत. एवढंच त्यांचं मानधन.

आता चर्चच्या समितीने आवारात नवा फलक लावायचं ठरवलं होतं, तोही व्हिट रविवारीच. फलकावरचा मजकूर जानेवारीत घरोघरी वाटून झाला होता. त्यात लिहिलं होतं की या झाडापासून लढाईची धनुष्यं केल्याचा काही पुरावा नाही, चांगलं लाकूड त्या काळी बहुतेक स्पेन-इटलीकडून जहाजाने येई, आणि ओसरीतल्या खाचा बाणांमुळे पडल्या असं म्हणायलाही आधार नाही. शिवाय समितीचा एक नियम होता. पाहुण्यांना माहिती सांगणाऱ्याने फलकाला धरून सांगावी.

“तर मग मी पुढचे रविवार घरी बसेन,” असं ऑब्रींनी जाहीर करून टाकलं होतं. “वाटाणे सोलेन.”

हेस्टरला त्यांचं ते वाटाणे सोलणं डोळ्यांसमोर दिसत होतं. आई गेल्यावर आठवडाभर त्यांनी तेच केलं होतं. फलकावरच्या त्या चार ओळी कोणी लिहिल्या, हेही तिला ठाऊक होतं. बाबा म्हणत तसा ऑक्सफर्डवाला वगैरे कोणी नव्हता. गेल्या शरद ऋतूत समितीच्या चिटणीस नोरीन गुलियम कागद घेऊन तिच्याकडे आल्या होत्या. हेस्टरने चष्मा लावला आणि ओळी लिहून दिल्या. खऱ्या होत्या, तिला ठाऊक होत्या, म्हणून लिहिल्या. बाबांना सांगायचं म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी जेवताना ती तोंड उघडे आणि बटाटे पुढे करे.

यापूर्वी एकदाच तिने त्यांना तोंडावर खोटं पाडलं होतं. त्यांच्या यूखाली उभं राहण्याचं ते पहिलंच वर्ष. समोर तीस-चाळीस माणसं होती. ऑब्री ओसरीतल्या खाचा दाखवत होते आणि हेस्टर मागून म्हणाली, “बाबा, असल्या दगडावर बाण घासला तर असलेली धारही जाईल.” माणसं हसली. ऑब्रीही हसले. पण तेव्हापासून हेस्टर आवाराजवळून जाताना दिसली की त्यांचा आवाज खाली येई, आणि ती पुढे गेल्यावरच पुन्हा वर चढे. ती त्या वाटेने जायचंच टाळू लागली होती.

“करशील ना?” ऑब्रींनी विचारलं.

“ठेवून जा,” ती म्हणाली. “बघते.”

*

तिने पहिलं काम केलं ते ऑब्रींना अजिबात आवडलं नाही. वर्कशॉपच्या मागे उत्तरेकडे तोंड असलेली जुनी दूधकोठी होती, तिच्या भिंतींना बारा महिने ओल. तिथे फडताळावर तिने ओंडका आडवा ठेवून दिला.

“एकतीस वर्षं मी वाळवलं,” ऑब्री दारात उभे राहून म्हणाले, “आणि तू त्याला सर्दी लावतेयस.”

“थोडं पाणी पिऊ दे त्याला.”

“धनुष्याला पाणी? जरा हळू बोल. आवारात पुरलेले सगळे उठून बसतील.”

दर सोमवारी ती ओंडका स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन पेन्सिलीने त्याच्या टोकावर लिही. पहिल्या आठवड्यात तो चाळीस ग्रॅमने वाढला, दुसऱ्या आठवड्यात तीसने. ऑब्री रोज दहा वाजता चहाचा थर्मास घेऊन येत आणि आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे कोठीत डोकावत. एकदा त्यांनी खिशातून भिंग काढून अख्खं लाकूड तपासलं.

“किडा लागलाय का कुठे?”

“नाही,” हेस्टरला कबूल करावं लागलं. “एक भोक नाही.”

“कपाटाची कृपा,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी दोन कप चहा प्यायले.

एप्रिलच्या सुरुवातीला काट्यावरचा आकडा थांबला. हेस्टरने पुन्हा टकटक करून पाहिलं. घंटा गेली होती आणि आवाज जड झाला होता. तिने लाकूड बाकावरच्या पकडीत आवळलं, दोन मुठींची सुरी घेतली आणि साल काढायला लागली. सालीखाली पांढरं लाकूड, त्याच्या आत तांबूस. पांढरं बाहेरच्या अंगाला राहायचं, ते ताणाला टिकतं. तांबूस आतल्या अंगाला, ते दाब सोसतं. देशी यू असतो तसाच हाही होता. वर्षांच्या रेषा रुंद आणि जागोजागी गाठी. इटलीच्या डोंगरातल्या लाकडाशी त्याची तुलनाच करायला नको.

गाठ आली की हेस्टरची सुरी तिला वळसा घालून जाई आणि तिथे लहानसा उंचवटा राही. ऑब्रींना ते बघवेना.

“त्या पुटकुळ्या काढ की.”

“काढल्या की तिथूनच मोडेल. गाठीभोवती लाकूड जास्त ठेवावं लागतं.”

“जुने लोक कसे गुळगुळीत करायचे.”

“समुद्रात बुडालेल्या जहाजातून काढली ना जुन्या लोकांची धनुष्यं? मी पाहून आलेय. त्यांनाही अशाच पुटकुळ्या आहेत.”

ऑब्रींनी थर्मासचं झाकण हळूहळू फिरवलं. “मग राहू दे,” ते म्हणाले. “म्हातारपणी सगळ्यांनाच येतात.”

धनुष्य कितीचं करायचं, म्हणजे ओढायला किती जोर लागावा, यावरून दोन दिवस गेले.

“दीडशे पौंड,” ऑब्री म्हणाले. “त्यांची तेवढीच असायची. हे तरी खोटं नाही ना?”

“हे खरं आहे. पण ते लहानपणापासून ओढायचे. तुम्ही बसचं गिअर ओढत होतात.”

“मग किती?”

“अठ्ठावीस.”

“अठ्ठावीसमध्ये फ्रेंच माणूस शिंकणारसुद्धा नाही.”

“कुरणात कोणता फ्रेंच माणूस येणार आहे?”

तिने त्यांच्या हातात सरावाचं हलकं धनुष्य दिलं आणि ओढायला सांगितलं. उजव्या खांद्याचं चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं होतं. दोरी छातीपासून वीतभर लांब असतानाच त्यांचा हात थरथरू लागला. ऑब्रींनी जबडा घट्ट केला. आणखी बोटभर ओढली. हेस्टरने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं आणि दोरी सावकाश परत नेली.

“बास,” ती म्हणाली. “एवढंच लागतं.”

तिने टेप लावून अंतर मोजलं आणि भिंतीवर खडूने रेघ मारली. धनुष्य त्या रेघेपर्यंत नीट वाकलं म्हणजे झालं. ऑब्रींनी त्या रेघेला बोट लावून पाहिलं. मग टोपी घालून, आज नोरीनकडे शेंगा पोचवायच्या आहेत असं काहीतरी सांगून गेले.

*

मेच्या दुसऱ्या बुधवारी ऑब्री दवाखान्यात गेले होते, तेव्हा ते झालं.

धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवं अडकवलेलं होतं. दोरीला बांधलेला दोर खालच्या कप्पीतून हेस्टरच्या हातात आला होता. ती दोर थोडा ओढायची, धनुष्याचे दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते बघायची, सोडायची, जिथे ताठ असेल तिथे आतून थोडं खरवडायची आणि पुन्हा ओढायची. खडूची रेघ चार बोटं उरली होती. तिने दोर ओढला आणि ‘टिक’ असा आवाज आला. घड्याळाचा यावा एवढाच.

तिने लगेच दोर सोडला. मग दिवा जवळ नेला. खालच्या बाहूला, मोठ्या गाठीच्या कडेला, पांढऱ्या लाकडात केसाएवढी चीर होती.

कोपऱ्यात तिचं दुसरं धनुष्य उभं होतं. इटलीचं लाकूड, तेवढीच उंची, तोच तांबूस-पांढरा रंग, पण एक गाठ नाही. ताशीव होतं, दोन दिवसांत भिंतीवरच्या रेघेपर्यंत आलं असतं. त्यावर दोन खोट्या पुटकुळ्या करणंही तिला अवघड नव्हतं. बाबा ते हातात घेतील, बाण मारतील, धनुष्य मोडणार नाही, कोणाच्या डोळ्याला इजा होणार नाही, आणि पुढचे सगळे रविवार ते झाडाखाली उभे राहतील. कळणार कोणाला होतं? फक्त तिला. आणि पुरावा नाही असं लिहून देणारीही तीच होती.

ती स्टुलावर बसली. बाबांच्याच. चहाची एक गोल खूण तिथे पडली होती. कपाटातले टॉवेल तिला आठवले, त्यांचा तो कडवट वास, आणि शाळेतून भिजून आल्यावर त्याच टॉवेलाने डोकं पुसणारे बाबा. नाही, तेव्हा लाकूड नव्हतं कपाटात. लाकूड नंतर आलं. पण आठवणीत मात्र सगळ्याच टॉवेलांना तोच वास होता.

तिने इटलीचं धनुष्य उचललं आणि कोठीत नेऊन ठेवून दार लावून घेतलं. चिरेत पातळ सरस भरला, वरून तागाचा दोरा एकेक वेढा घट्ट ओढत बोटभर रुंद गुंडाळला. सरस वाळायला दोन दिवस दिले. मग अख्खं धनुष्य आतून पुन्हा खरवडलं. अठ्ठावीसचं चोवीस झालं. पुढच्या मंगळवारी तिने श्वास रोखून दोर ओढला आणि तो रेघेपर्यंत आला. टिक झालं नाही. तिने तसं वीस वेळा केलं.

“हे काय?” ऑब्रींनी दोऱ्याच्या वेढ्यावरून बोट फिरवत विचारलं.

“चीर गेली होती. बांधलीय. टिकेल असं वाटतं मला, बाबा. नक्की सांगत नाही.”

“माझ्या खांद्यात आतून स्टीलची पट्टी आहे,” ऑब्री म्हणाले. “याला बाहेरून दोरा. जोडी जमली.”

शनिवारी संध्याकाळी ती त्यांच्याकडे जेवायला गेली. ताटं उचलून झाल्यावर ती खुर्चीत नीट बसली आणि म्हणाली, “बाबा, त्या फलकावरच्या ओळी आहेत ना...”

“चहा ओत आधी,” ऑब्री म्हणाले. “गार होतोय.”

“ओतते. पण त्या ओळी...”

“आणि साखर एकच. डॉक्टरीणबाईंनी दम दिलाय.” ते उठले, खिडकीशी गेले आणि उद्या पाऊस नाही असं सांगून हवामानावर दहा मिनिटं बोलत राहिले. तिने चहा ओतला.

*

पाऊस नव्हता. प्रार्थना संपल्यावर गाव आवारात जमलं, आणि फलक उघडणार असल्याचं ऐकून बाहेरचीही वीस-पंचवीस माणसं आली होती. फलकावर निळं कापड होतं. नोरीनबाईंनी ते ओढलं, टाळ्या झाल्या आणि पाद्री दोन शब्द बोलायला पुढे होणार तोच ऑब्री म्हणाले, “मी वाचतो.”

हेस्टर मागे, भिंतीपाशी उभी होती. काखेत कापडात गुंडाळलेलं धनुष्य होतं. ऑब्रींनी चष्मा लावला आणि बसमधल्या शेवटच्या माणसाला पुढचा थांबा ऐकू जावा अशा आवाजात मजकूर वाचला. पुरावा नाही, हे वाचलं. जहाजाने येई, हेही. खाचांचं वाक्य जरा भरभर वाचलं, पण सोडलं नाही. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

“लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलंय,” ते म्हणाले. “अक्षर न् अक्षर. आता चला कुरणात.”

हेस्टरने धनुष्याला दोरी चढवली. त्यांच्या हातात देताना ती हळूच म्हणाली, “मान थोडी मागे ठेवा.” ऑब्रींनी मान मागे घेतली नाही. त्यांनी गवताच्या लक्ष्याकडे पाहिलं, बाण लावला आणि ओढला. धनुष्य वाकलं. गाठी वाकल्या, दोऱ्याचा वेढा वाकला. हेस्टरचे कान त्या एका आवाजाची वाट बघत होते. हात थरथरायला लागण्याच्या जरा आधी ऑब्रींनी बाण सोडला.

तो लक्ष्यापासून पंधरा पावलं अलीकडे गवतात रुतला. गाव ओरडलं, लक्ष्याच्या मधोमध लागल्यासारखं.

हेस्टरच्या लक्षात आलं की आपण शेजारी उभ्या नोरीनमावशींचा दंड गच्च धरलाय. तिने तो सोडला.

“मावशी,” ती म्हणाली, “त्यांना सांगायला हवं मी. कोणी लिहिलं ते.”

नोरीनबाईंनी दंड चोळला. “त्याला काय सांगतेस? समिती खरंच एका प्राध्यापकाला पत्र घालणार होती. हाच उभा राहिला. म्हणाला, लांब कशाला जाता, यातलं माझ्या मुलीएवढं कोणाला कळत नाही, तिला विचारा.”

“बाबा म्हणाले?”

“मी म्हटलं, ऑब्री, ती तुझी सगळी गोष्ट खोडून टाकेल. तर म्हणतो कसा, खोडू दे. फक्त मी नाव सुचवलं हे तिला कळू देऊ नका, नाहीतर ती हात आखडता घेईल.”

“आणि तो ऑक्सफर्डवाला?”

“तो त्याने तुला चिडवायला रचलेला,” नोरीनबाई म्हणाल्या. “चार महिने मजेत घालवले त्याने.”

हेस्टरला हसू आलं आणि डोळेही भरले, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला नाक पुसावं लागलं. तोवर माणसं ऑब्रींमागून पुन्हा यूखाली आली होती. ती मागोमाग गेली आणि थेट फलकाच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.

ऑब्रींनी तिला पाहिलं. आवाज एक पट्टी खाली आला.

“तर, फलकावर लिहिलंय की या झाडाचं धनुष्य कधी केल्याचा पुरावा नाही,” ते सांगत होते. “आज सकाळपर्यंत नव्हता. आता आहे, आणि तो माझ्या हातात आहे. नोरीन, तुम्हाला एक ओळ वाढवावी लागेल. माझ्या मुलीने केलंय हे. आणि लाकूड...” ते जरा थांबले. “लाकूड मी मुरवलंय. एकतीस वर्षं.”

पाठीवर पिशवी अडकवलेली एक पाहुणी बाई पुढे आली. तिने धनुष्याला हात लावला, दोऱ्याचा वेढा पाहिला आणि हेस्टरकडे वळली.

“तुम्ही केलंय ना? खरंच एवढी वर्षं लागतात का हो लाकडाला?”

आवारात सगळे तिच्याकडे बघायला लागले. ऑब्री मात्र हातातल्या टोपीचं अस्तर तपासत होते.

“या धनुष्याला लागली,” हेस्टर म्हणाली.

ऑब्रींनी टोपी डोक्यावर चढवली आणि घसा खाकरला.

“आता सगळ्यांनी जरा ओसरीकडे या,” ते म्हणाले. “तिथल्या खांबावर काही खाचा आहेत.” आणि या वेळी त्यांचा आवाज पार कुरणापर्यंत ऐकू गेला.